तुलनात्मक तक्ता

जेवणं झाल्यावर मी फूलस्केप आडवा धरला
आणि पट्टीनं पाच रकाने पाडले.
सवय.
कोषागारात अठ्ठावीस वर्षं
मी रकान्याबाहेर फारसं काही पाहिलं नाही.

डावीकडं बाबी, मग निवृत्तांची गट योजना,
मग बँकेतल्या पोरानं गळ्यात मारलेली,
मग ती, जिच्या माहितीपत्रकावर
पांढऱ्या केसांचं जोडपं वाळूतनं पळतंय.
शालन बघून म्हणाली,
"गुडघं बरं दिसत्यात की ह्यांचं."

हप्ता. विमा रक्कम. खोलीभाड्याची मर्यादा.
जुने आजार : प्रतीक्षा तीन वर्षं.
माझी साखर एकोणीस वर्षांची झाली,
मतदार यादीत नाव लागायचं वय तिचं,
तिला म्हणे अजून थांबा.
शालनचा डावा गुडघा पहिलीत बसतो,
उजव्याला पुढल्या वर्षी या म्हणतात.
मोतीबिंदू तिन्हींत आहे, पण वर्षाला एकच डोळा.
"आणि दुसऱ्यानं काय करायचं तवर?"
मी पान उलटलं.
"माहितीपत्रक वाचायचं," तिनंच सांगितलं.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर
म्हैस समोर उभी असते.
धार पडते, फेस चढतो, उभ्यानं पेला रिकामा,
मिशी पुसायची, पैसे द्यायचे, चालू लागायचं.
इथं पैसे आधी.
धार निघेल तेव्हा निघेल,
आणि म्हैस नेमकी कुठं बांधलीय
ते चौदाव्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात.

बारीक अक्षर मला कळतं.
मीच लिहायचो ते, लाल शाईनं.
वैद्यकीय प्रतिपूर्तीची देयकं टेबलावर यायची,
कुणाच्या आतड्याची, कुणाच्या मुलाच्या काविळीची,
आणि मी समासात लिहायचो :
मूळ प्रमाणपत्र जोडलेले नाही. सबब परत.

तातोबा लोहार. कृषी खात्यात शिपाई.
बायकोला सीपीआरमधून मिरजेला हलवलेलं.
अकरा हजार चारशे साठ रुपये.
आकडा आठवतो, तिचं नाव नाही.
दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच आला,
सायकल जिन्याखाली लावून.
पावतीवरील तारीख अस्पष्ट, मी बोट ठेवून दाखवलं.
"पावसात भिजली, सायेब. म्या तोंडानं सांगतो की तारीख.
ती तारीख इसरंन व्हय मी?"
तोंडी चालत नाही, मी म्हणालो.
चौथ्यांदा देयक आलं नाही.

नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं.
अजूनही बरोबर आहे.
सीपीआरच्या फाटकावरून रिक्षा जाते
तेव्हा मी ते पुन्हा एकदा तपासून घेतो.

साडेअकरा वाजले.
पाचव्या रकान्यावर मी 'शेरा' लिहिलं होतं,
तो कोराच.
तिन्ही योजनांना काही ना काही कमी आहे,
तिन्ही परत पाठवायच्या लायकीच्या,
पण पाठवायच्या कुणाकडं?
टेबलाच्या ह्या बाजूला
जावक नोंदवही नसते.

"पहिली घ्या," शालन म्हणाली,
"तिचा कागद जाड हाय."
मग अर्ज ओढून घेतला, चष्मा न लावता,
आणि सही केली.
वेलांटी चौकटीबाहेर गेली,
'जुने आजार असल्यास तपशील' ह्या ओळीवर जाऊन टेकली.
चौकटीखाली स्पष्ट छापलंय :
स्वाक्षरी चौकटीतच करावी.

मी बघत राहिलो.
लाल पेन हातातच होतं.
ती दिवे मालवायला उठली,
म्हणाली, "सकाळी कट्ट्यावर जाताना किटली न्या,
पेल्यानं एकटंच पिऊन येता."

पेनाचं टोपण
बराच वेळ सापडलं नाही.